कोणाच्या घरचं बी

आमच्या घरी भात नुसता भात नसे, तो कोणाचा तरी असे. ताटात वाढताना माय सांगायची, "घे, कोसमतोंडीच्या आत्याकडला." चिन्नोर शिजला की साऱ्या घरात वास सुटायचा आणि माय चुलीजवळूनच ओरडायची, "कटंगीच्या मामाकडलं बी आहे, सावकाश खाजा." एकाच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, तेच ते बी वर्षानुवर्षं पेरलं की धान थकतं, असं आमच्याकडे मानत. म्हणून नात्यागोत्यात बियाची अदलाबदल चाले. मागच्या अंधाऱ्या खोलीत धान साठवायच्या मातीच्या ढोल्या ओळीने उभ्या होत्या आणि धानाच्या जातीऐवजी बी देणाऱ्या घराच्या नावाने त्या ओळखल्या जात. एकदा पाहुणे बसलेले असताना माझा धाकटा भाऊ धावत आला आणि म्हणाला, "मामाच्या मागं मांजर व्याली!" पाहुण्यांचा चेहरा पाहून माय पदर तोंडात धरून आत पळाली.

हे बियाचं वळण घरातल्या सगळ्याच गोष्टींना लागलं होतं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वडीत चिंच घालायला जिने शिकवलं, तिचं नाव घेतल्याशिवाय माय ती वडी कोणाला वाढत नसे. पोटदुखीवरचा काढा, गाईला द्यायचं औषध, पाऊस कधी उघडेल याचा अंदाज, सगळ्यांना नाव. आम्ही पोवार. घरात पोवारी बोलायचो, दारात झाडीबोली आणि गोंदियाला बाजाराला गेलं की हिंदी. मी इथे सगळं मराठीत लिहिते आहे, पण मायचे दोन शब्द पोवारीतच ठेवते, कारण ते माझ्या कानात तसेच बसले आहेत. "कोनको आय?" कोणाचं आहे हे? बाबूजी पानठेल्यावरून काही बातमी घेऊन आले की माय आधी हेच विचारी. सांगता आलं नाही तर त्या बातमीला आमच्या घरात जागा नसे, आणि ती आणणाऱ्या शेजारणीला चहाही मिळत नसे. "बिननावाचं बी पेरू नये, तण निघते," असं माय म्हणायची. ही म्हण तिचीच होती की तिच्या आईची, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आज ते विचारायला माय नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण यापुढे जे झालं त्याचा राग मला अजून आहे. लोक म्हणतात, शाळेतल्या गोष्टी मोठेपणी हसून सांगाव्यात. मला हसू येत नाही.

सातवीत आम्हाला मराठी शिकवायला लांजेवार सर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. गावात त्यांचा मोठा मान होता. निबंध शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. निबंधांचं गाईड उघडायचं, निबंध मोठ्याने वाचायचा, "पाठ करा" म्हणायचं आणि खुर्चीत डुलकी काढायची. त्यामुळे आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींचं गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं होतं, सगळ्यांच्या गावातून नदी झुळूझुळू वाहत होती आणि सगळ्यांचे आजोबा पहाटे फिरायला जात होते. आमच्या गावात नदी नाही. तलाव आहे, भला मोठा, नवेगावबांधच्या तलावाएवढा नसला तरी पलीकडचा काठ धुक्यात दिसणार नाही एवढा. आजोबांचं म्हणाल तर पहाटे बांधीत पाणी फोडायला जाणारे आजोबा आमच्याकडे पुष्कळ होते, फिरायला जाणारा एकही नव्हता.

त्याच महिन्यात सरांनी व्याकरणाच्या तासाला अवतरणचिन्हं शिकवली होती. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे आपल्या लिखाणात आले की ते दुहेरी अवतरणचिन्हात घालावेत, असं फळ्यावर लिहून दिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला ते फार आवडलं. घरात माय जे तोंडाने करते त्याची खूण शाळेतसुद्धा आहे, याचा मला आनंदच झाला. मी मूर्खासारखं सरांवर विश्वास ठेवून बसले.

तालुक्याच्या निबंध स्पर्धेला आमच्या शाळेतून एक निबंध जायचा होता. विषय 'माझे गाव'. ज्याचा निबंध निवडला जाईल, त्याने तो आधी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचायचा आणि मग तालुक्याला, सडक अर्जुनीला, जाऊन वाचायचा. मला तो वाचायचा होता. मनापासून वाचायचा होता, हे सांगायला आज लाज कसली? मी मायला बियाबद्दल विचारलं. कटंगीचे मामा आले होते, त्यांना विचारलं. मग तलावावर चंपाबाईकडे गेले. चंपाबाई ढिवरीण आमच्याकडे झिंगे आणि मासे घेऊन यायची, उंबऱ्यावर बसून मायशी तासभर बोलायची आणि जाताना टोपल्यात तांदूळ घेऊन जायची. थंडीत येणाऱ्या बदकांबद्दल तिने मला एक गोष्ट सांगितली. मी ती तिच्याच शब्दांत उतरवून घेतली.

आता माझा निबंध कसा होता ते सांगते. पहिलं वाक्य गाईडातलंच घेतलं होतं, कारण त्याशिवाय सर पुढे वाचायचेच नाहीत. पण ते मी अवतरणचिन्हात घातलं आणि पुढे लिहिलं, 'असे निबंधाच्या गाईडमध्ये लिहिले आहे. आमच्या गावात मात्र नदी नाही.' पुढे लिहिलं, 'आमचे पूर्वज माळव्यातून आले, असे कटंगीचे मामा सांगतात. त्यांना त्यांच्या काकांनी सांगितले.' आणि शेवटी बदकांचं. 'चंपाबाई ढिवरीण म्हणते, "बदकं तलावाच्या मधात उतरली तं पाणी पुरन. काठाले गोळा झाली तं समजाचं, उन्हाळ्यात तलाव पाठ दाखवते."' जे जिथून आलं त्याचं नाव तिथेच. आमच्या घरातल्या ढोल्यांसारखं.

सरांनी तो वर्गात वाचला. पहिल्या ओळीलाच थांबले.

"हे का लिहून राहिली तू? गाईडमध्ये लिहिले आहे?"

"सर, ते वाक्य गाईडातलं आहे."

"मंग?"

"मंग माझं नाही."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे तू स्वतःच कबूल करून राहिली, का नक्कल केली."

"पण सर, सगळ्यायनं तेच वाक्य लिहिलं."

"त्यायनं कुठी लिहिलं, का गाईडातलं आहे म्हणून? तू लिहिलं. तूच लिहून दिलं."

या वाक्याला मी आजपर्यंत उत्तर शोधते आहे. ज्याने नाव सांगितलं तो चोर, ज्याने नाही सांगितलं त्याचं ते स्वतःचं! एवढं उलटं डोकं चालवायला माणसाला किती शिकावं लागतं? सरांनी लाल पेनाने शून्य काढलं, त्याखाली 'नक्कल' असं लिहिलं, तेही मोत्यासारख्या अक्षरात. मग शेवटच्या ओळींवर आले आणि जरा थबकले.

"हे बदकाचं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण चंपाबाई ढिवरीण कायले? तालुक्याले साहेब लोक वाचतेत. त्यायले मासे इकणारीचं नाव दाखवू का मी?" आणि माझ्या देखत त्यांनी चंपाबाईचं नाव खोडलं. एक रेघ मारली नाही, गिरवून गिरवून खोडलं, खाली काय आहे ते दिसू नये असं.

निबंध वैशालीचा निवडला गेला. वैशाली माझ्या बाकावर बसायची, स्वभावाने गरीब होती, तिच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता. तिने गाईडातला निबंध काना-मात्रेचीही चूक न करता उतरवला होता. शनिवारी प्रार्थनेनंतर ती पुढे उभी राहून वाचू लागली. कुशीतलं गाव झालं, झुळूझुळू नदी झाली, पहाटेचे आजोबा झाले. आणि मग ती म्हणाली, "थंडीत बदके तलावाच्या मध्यभागी उतरली तर समजावे की पाणी पुरेल. काठाला गोळा झाली, तर उन्हाळ्यात तलाव पाठ दाखवतो."

नदीच्या निबंधात तलाव कुठून आला, हे कोणालाही खटकलं नाही. सर मागे हात बांधून मान डोलवत होते. माझ्या कानशिलात रक्त उसळलं. मी रांगेतून बाहेर आले आणि ओरडले, "ते चंपाबाईचं आहे! ते वाक्य चंपाबाईचं आहे!"

दुसऱ्या आठवड्यात बाबूजींना शाळेत बोलावणं आलं.

बाबूजींबद्दल सांगायला हवं. उंच, सावळे, कमी बोलणारे. गावात आमची शेती बऱ्यापैकी होती आणि बाबूजी शाळेच्या समितीवर होते. पावसात वर्ग गळायचे, तिथे पत्रे टाकण्याचं काम त्यांनी मनावर घेतलं होतं. शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यासाठी चुलतभावाशी सहा महिने अबोला धरणारा हा माणूस मास्तरापुढे मात्र नरम पडायचा. स्वतः शाळा अर्धवट सुटलेली, म्हणून असेल. ऑफिसात सरांनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि मजकूर सांगितला. 'माझ्या मुलीने निबंधात नक्कल केली व प्रार्थनेच्या वेळी गोंधळ घातला. याबद्दल मी क्षमा मागतो.' बाबूजींनी तो शब्दाला शब्द लिहून घेतला. 'क्षमा' लिहिताना अडले, तेव्हा सरांनी सांगितलं. मी दाराशी उभी होते. ते एकदा तरी मान वर करून मला विचारतील, "पोट्टी, तू केली का नक्कल?" असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. सही केली, पेनाचं टोपण लावलं, पेन परत दिलं आणि पत्र्यांबद्दल बोलू लागले.

सरांवरचा राग मोठा होता. पण त्या दुपारी सायकलच्या मागे बसून घरी येताना बाबूजींच्या पाठीकडे पाहून मला जो राग आला, तो त्याहून मोठा होता. परक्याने चोर म्हटलं तर माणूस भांडतो. आपल्याच बापाच्या अक्षरात ते लिहिलं गेल्यावर भांडायचं कोणाशी?

मायने हातातलं सूप खाली ठेवून सगळं ऐकलं. मग बाबूजींना विचारलं, "कागद कोण लिहिला?"

"मीच लिहिलो."

"शब्द कोनका आय?"

बाबूजींनी सुपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरायचे."

"मंग सही तुमची काऊन?"

"मास्तराशी वैर कायले घेऊ? पत्र्याचं काम अडकून राहिलं आहे. एका कागदानं का होते?"

मायने सूप उचललं आणि पाखडू लागली. पण त्या संध्याकाळपासून तिने एक गोष्ट बंद केली. भात वाढताना ती नाव घेईनाशी झाली. ताटात भात पडायचा, त्यावर लाखोरीची डाळ पडायची आणि काही नाही. माझ्या भावाने विचारलं, "माय, हा कोणाकडला?" तर म्हणाली, "खा गुमान." तुम्हाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. आमच्या घरात ती बारीक नव्हती. जेवताना भांड्यांचा आवाज इतका मोठा येतो, हे मला त्या दिवसांत कळलं. बाबूजी मान खाली घालून जेवत आणि लवकर उठत.

याच सुमारास हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापणीला आलं आणि नव्याचा दिवस ठरला. नव्या तांदळाचा पहिला भात आमच्याकडे कोणी नुसता खात नसे. आधी देवाला, मग ज्यांच्या घरचं बी पेरलं त्यांच्याकडे पळसाच्या पानात बांधून एक वाटा जायचा आणि त्यानंतर आम्ही. बाबूजींनी त्या दिवशी जेवायला लांजेवार सरांना बोलावलं. मनं साफ व्हावीत म्हणून, असं ते म्हणाले. मायने बडे तळले, सुवाऱ्या तळल्या, धोप्याच्या वड्या केल्या. कुठेही हात आखडला नाही. मी मागच्या खोलीत ढोलीला टेकून बसले होते. सरांना वाढायला मी जाणार नाही, असं मी सांगितलं होतं आणि मायने मला एका शब्दाने आग्रह केला नाही.

सर रंगात येऊन जेवत होते. नव्या भाताचा घास घेतला आणि म्हणाले, "वा वा, वहिनी! का तांदूळ आहे! कोणाच्या घरचं बी म्हणायचं हे?"

आमच्या भागात कोणीही कोणाच्याही घरी हे विचारतं. त्यात वावगं काही नव्हतं. माय चुलीजवळून म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी गोड होता, "आमचंच हो, सर. आमीच बनवलं."

सर हसले. "असं कसं? बी तं कुठून ना कुठून आणाच लागते."

"आणलं असन. पण नाव कायले सांगाचं? नाव सांगतलं का नक्कल होते म्हणे."

 मी दाराच्या फटीतून ओसरीत पाहत होते. बाबूजींचा हात ताटावर थांबला होता, बोटांना भात चिकटलेला. त्यांनी घास घेतलाही नाही आणि खालीही ठेवला नाही. आता सर उठतील, असं मला वाटलं. काही तरी होईल, त्यांना लाज तरी वाटेल.

सर मोठ्याने हसले आणि म्हणाले, "वहिनी मोठ्या मजाकी आहेत!" मग ताट पुढे करून त्यांनी आणखी भात मागितला.

त्यांना कळलं नाही की कळून त्यांनी गिळलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी आता कॉलेजात शिकवते. मुलं प्रकल्प आणतात. "हे कुठून घेतलं?" विचारलं की म्हणतात, "नेटवरून, मॅडम." नेट म्हणजे कोण? कोणाचं पोर ते? एकदा एका सहकाऱ्याच्या छापील लेखात मला माझेच दोन परिच्छेद भेटले, बिननावाचे. विचारलं तर तेही हसले. "अहो मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता!" तेच हसू. तो आणखी भात मागणारा माणूस मला आयुष्यभर भेटतो आहे आणि दरवेळी माझ्या कानशिलात तेच रक्त उसळतं. उसळू दे. ज्या दिवशी उसळणार नाही, त्या दिवशी मी निवृत्त होईन.

सर सुपारी चघळत गेले. बाबूजी बराच वेळ हात न धुता ओसरीत बसून राहिले. दिवस कलला, गाई परत आल्या. मग त्यांनी हात धुतले आणि मला हाक मारली. पाच-सहा दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"कागद आण व एक. पेन आण."

मी आणून ठेवला आणि जायला वळले.

"बस अथी," ते म्हणाले. "ते दोन-दोन शेपट्या कशा देतेत, सांग मले. दुसऱ्याचं बोलणं असते तवा."

"अवतरणचिन्ह?"

"तेच."

मी दाखवलं. वाक्य सुरू व्हायच्या आधी दोन, संपल्यावर दोन, दोन्हीकडे वरती. त्यांनी कागदाच्या कडेला आधी गिरवून पाहिलं. नांगर धरून घट्टे पडलेली त्यांची बोटं, त्या शेपट्या फार मोठ्या आल्या. मग सावकाश लिहिलं. '"माझ्या मुलीने निबंधात नक्कल केली." हे शब्द लांजेवार सरांचे आहेत. मी विचार न करता लिहिले. माझ्या मुलीने नक्कल केली नाही. बदकाचे वाक्य चंपाबाईचे आहे, असे माझी मुलगी सांगते आणि ते खरे आहे.' खाली सही केली. मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि तिथेच रडले, पण रडताना राग गेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते.

तो कागद बाबूजींनी सोमवारी मुख्याध्यापकांच्या हातात दिला. झालं काय? काही नाही. माझं शून्य शून्यच राहिलं. वैशालीचा निबंध सडक अर्जुनीला जाऊन बक्षीस घेऊन आला. बाबूजी पुढच्या वर्षी समितीवर नव्हते आणि पत्रे बसायला आणखी दोन पावसाळे गेले. चंपाबाईला मी सगळं सांगितलं, तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "माहं नाव लिवली होतीस? कुठी? दाखव ना." मी माझा निबंध आणला आणि जिथे तिचं नाव होतं तिथला लाल गिचमिडा तिला दाखवला. तिने त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हेच का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी, कागदाची घडी बाबूजींच्या खिशात असताना, मायने पुन्हा चूल पेटवली. दुपारचं पुष्कळ उरलं होतं, तरी तिने नव्या तांदळाचा भात वेगळा टाकला. आम्ही सगळे बसलो. तिने आधी बाबूजींच्या ताटात वाढलं, डाळीचं भांडं उचललं, परत खाली ठेवलं आणि कोणाकडेही न पाहता म्हणाली,

"घ्या. कोसमतोंडीच्या आत्याकडला आहे."